पेशी फोडणाऱ्यांचा हिशेब

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीचा पिवळेपणा ज्यामुळे येतो तो पदार्थ म्हणजे कर्क्युमिन. वाळलेल्या हळकुंडात तो साधारण तीन टक्के असतो. या कर्क्युमिनबद्दल १९९५ पासून एक विधान जगभर छापलं जातं, आणि हळदीच्या गुणांवरच्या लेखांत तर ते हमखास येतं : कर्क्युमिन दिलं की पेशीतलं एनएफ-कॅपा-बी नावाचं प्रथिन केंद्रकात शिरत नाही, बाहेर पेशीद्रवातच राहतं, आणि म्हणून दाहाची जनुकं चालू होत नाहीत.

विधान एका ओळीचं आहे. पण ते करायचं तर आधी एक अवघड काम जमायला हवं. सस्तन प्राण्याची पेशी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी. तिच्या आत केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया, लायसोसोम, आंतर्द्रव्यजालिका असे पटलांनी बांधलेले कप्पे. एखादं प्रथिन यातल्या अमुक कप्प्यात आहे आणि तमुक कप्प्यात नाही, हे कुणी कसं सांगावं?

आमच्या घरात याची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांना पटत नाहीत. माझ्या आत्याने नोकरीची सगळी वर्षं मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पेशी फोडून त्यांचे घटक वेगळे करण्यात घालवली. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजातून बी.एस्सी. होऊन ती मुंबईला गेली आणि निवृत्तीनंतर पुन्हा विश्रामबागेतच आली. माझी लेक पुण्यात संशोधन करते. ती पेशी फोडत नाही, जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तासन्‌तास बघते. दिवाळीत दोघी एकत्र आल्या आणि हळदीच्या त्या विधानावरून जुंपली. मी प्रश्न विचारत गेलो आणि टिपत गेलो.

मी : आत्या, प्रथिन केंद्रकात आहे की बाहेर, हे तू कसं ठरवायचीस?

आत्या : फोडून. पेशी आधी मीठ कमी असलेल्या बफरमध्ये ठेवायच्या, म्हणजे पाणी आत शिरतं आणि त्या फुगतात. मग डाऊन्समध्ये घालायच्या. काचेची नळी, काचेचाच दट्ट्या, दोघांमध्ये केसाच्या जाडीइतकी किंवा त्याहून कमी फट. सगळं बर्फात. दट्ट्या वरखाली केला की पेशीचं बाहेरचं पटल फाटतं, पण केंद्रक त्या फटीतून सलामत निघतं. मधूनमधून एक थेंब काढायचा, त्यात ट्रायपॅन ब्लू घालायचं आणि बघायचं. रंग आत शिरला म्हणजे पेशी फुटली. बहुतेक फुटल्या की थांबायचं. तिथे थांबता आलं पाहिजे. आणखी चार हात मारलेस तर केंद्रकं फुटतात, डीएनए बाहेर येतो, आणि सगळं द्रावण तार धरण्याइतकं चिकट होतं. मग ते टाकून द्यायचं, दुसरा इलाज नाही.

मी : आणि मग सेंट्रीफ्यूज?

आत्या : हो. पण सगळं एकदम नाही, पायरीपायरीने. गुरुत्वाकर्षणाच्या हजार पट जोराने दहा मिनिटं फिरवलं की केंद्रकं तळाला बसतात. वरचं द्रावण दुसऱ्या नळीत घ्यायचं. दहा हजार पट, वीस मिनिटं : मायटोकॉन्ड्रिया आणि लायसोसोम खाली. पुन्हा वरचं घ्यायचं. एक लाख पट, एक तास : आंतर्द्रव्यजालिकेचे तुकडे, त्यांना आम्ही मायक्रोसोम म्हणतो. वर जे राहिलं ते पेशीद्रव. उंदराचं यकृत असेल तर उंदराला आदल्या रात्री उपाशी ठेवायचं, नाहीतर यकृतातलं ग्लायकोजेन मायक्रोसोमबरोबर खाली येऊन बसतं. मायटोकॉन्ड्रियाचं पेलेट फिकट तपकिरी दिसतं आणि त्यावर एक पांढुरका, सैलसर थर असतो. तो नळी हलकेच गोल फिरवून, बर्फातल्या बफरने सोडवून काढायचा. खालचं तपकिरी हलता कामा नये. हे पुस्तकात एका वाक्यात असतं, पण हाताला यायला महिने जातात.

लेक : आजी, मला तुझ्या हाताबद्दल शंका नाही. शंका आहे ती फोडण्याबद्दलच. २०१९ च्या पुरात गावभागातली किती माणसं इथे तुझ्याकडे राहायला आली होती! पाणी ओसरल्यावर परत गेली तर एकाच्या घरातलं पिंप दुसऱ्याच्या परसात. पिंप कुठे सापडलं हे बघून ते कुणाचं होतं हे कुणी ठरवलं का? तू पेशीत पूर आणतेस आणि मग कुठली वस्तू कुठल्या नळीत सापडली ते लिहून ठेवतेस.

आत्याला हे झोंबलं असावं, पण ती लगेच बोलली नाही. इथे मला थोडा इतिहास सांगायला हवा, कारण लेकीचा आक्षेप नवा नाही. ही पद्धत जन्मली तेव्हापासून तो तिच्यासोबत आहे.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अल्बेर क्लोद हे बेल्जियन संशोधक १९३० च्या दशकात कोंबडीच्या गाठीतून कर्करोगाचा विषाणू वेगळा काढायच्या मागे होते. वेगाने फिरवल्यावर बारीक कण खाली यायचे. तेच विषाणू असावेत असं वाटलं. मग निरोगी पेशी फोडून फिरवल्या, तर त्यातूनही तसेच कण निघाले. म्हणजे ते पेशीचेच घटक होते. त्या निराशेतून पेशीचे भाग वेगळे करण्याचं शास्त्र उभं राहिलं. पुढे १९४८ मध्ये त्याच संस्थेत होगबूम, श्नायडर आणि पॅलेड यांनी बफरमध्ये साखर घातली. साध्या पाण्यात मायटोकॉन्ड्रिया फुगून बिघडायचे, साखरेच्या द्रावणात ते जसेच्या तसे राहू लागले. क्लोद, पॅलेड आणि क्रिस्तियान द ड्यूव्ह यांना १९७४ चं नोबेल मिळालं ते या वाटेवरच्या कामासाठी.

आपल्याकडच्या मराठी वाचकाने यात एक नाव ओळखीचं धरावं. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत विकृतिशास्त्रज्ञ खानोलकर यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी केली, आणि नंतर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचेत वाढवायच्या पद्धतींवर काम केलं. हेला नावाने जगभर गेलेल्या मानवी पेशी १९५१ मध्ये वाढीला लागल्या त्या याच गाय यांच्या प्रयोगशाळेत. रणदिवे परत आल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पेशी वाढवता येणं हे पेशी फोडण्याच्या आधीचं काम. आज पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभरच्या संशोधकांना पेशी जातात, त्यामागे ती परंपरा आहे.

आत्या : पुराचं म्हणतेस ना, तर ऐक. पूर आला तरी हिशेब ठेवता येतो. द ड्यूव्हने नेमकं तेच शिकवलं. पेशी फोडल्याबरोबर, काहीही वेगळं करायच्या आधी, सगळ्या लगद्यात जे विकर शोधायचं ते किती आहे ते मोजायचं. समज शंभर भरलं. मग प्रत्येक भागात मोजायचं, धुतलेल्या पाण्यातसुद्धा. केंद्रकात आठ, मायटोकॉन्ड्रियात साठ, मायक्रोसोममध्ये बारा, पेशीद्रवात अठरा. बेरीज अठ्ठ्याण्णव. म्हणजे ठीक. बेरीज पंचावन्न आली तर कुठेतरी गेलं किंवा मेलं. एकशे चाळीस आली तर काहीतरी त्याला आधी दाबून ठेवत होतं आणि आता ते निघून गेलं. अशी बेरीज ज्याने दाखवली नाही त्याच्या नळ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

लेक : बेरीज जुळली म्हणून जागा खरी ठरत नाही.

आत्या : पण बेरीज जुळली नाही म्हणून लायसोसोम सापडला. लूव्हाँला द ड्यूव्ह इन्सुलिनसाठी दुसऱ्याच विकराच्या मागे होता. तुलनेसाठी आम्ल फॉस्फेटेज मोजलं. हलक्या हाताने फोडलेल्या यकृतात ते अपेक्षेच्या दहाव्या हिश्श्याइतकंच भरलं. नळ्या फ्रिजमध्ये राहिल्या, काही दिवसांनी पुन्हा मोजलं तर भरपूर. दुसऱ्या कुणी पहिला आकडा चुकला म्हणून सोडून दिला असता. त्याने विचार केला की विकर होतंच, पण पिशवीत बंद होतं. पिशवी फाटली तेव्हा बाहेर आलं. १९५५ मध्ये त्याने त्या पिशवीला लायसोसोम नाव दिलं. एकदाही न बघता! नुसत्या हिशेबातून.

लेक : आणि त्याच वर्षी नोविकॉफने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे फोटो काढले, तेव्हा लोकांनी मानलं. तुझं उदाहरण अर्धं माझ्या बाजूचं आहे. आता माझं घे. डीएनए पॉलिमरेज अल्फा. डीएनएची नक्कल करणारं विकर. डीएनए केंद्रकात, म्हणजे हे विकर कुठे हवं? केंद्रकात. पण तुमच्या पद्धतीने पेशी फोडल्या की वर्षानुवर्षं ते पेशीद्रवाच्या नळीत सापडत होतं. केंद्रकाच्या भिंतीला छिद्रं असतात, पाण्यात फोडलं की ते बाहेर निसटत होतं. बेरीज शंभर, प्रत्येक कप्प्याची ओळख पटवणारे मार्कर व्यवस्थित, आणि निष्कर्ष साफ चुकीचा.

आत्या : खरंय ते. पण ते उघडकीला आणलं कुणी? १९७० च्या दशकात काहींनी पेशी पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावकांत फोडून पाहिल्या, म्हणजे विरघळून निसटायला पाणीच नाही. काहींनी पेशींना सायटोकॅलॅसिन बी देऊन केंद्रकं अख्खीच्या अख्खी पेशीबाहेर ओढली, आपापल्या पातळ पटलासकट. आणि ओढली कशाने? सेंट्रीफ्यूजनेच! विकर केंद्रकाबरोबर गेलं. फोडण्याची चूक फोडणाऱ्यांनीच दुसऱ्या तऱ्हेने फोडून दुरुस्त केली.

इथे मला आत्याचं म्हणणं पटलं. पद्धतीला चूक करू न देण्याचं कसब वेगळं आणि चूक पकडायची सोय पद्धतीतच ठेवणं वेगळं. दुसरं जास्त मोलाचं आहे, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण सायटोक्रोम सी या छोट्या प्रथिनाचं आहे.

सायटोक्रोम सी मायटोकॉन्ड्रियाच्या दोन पटलांमधल्या जागेत राहतं आणि श्वसनात इलेक्ट्रॉन पोचवतं. त्याच्याशी एक मराठी नाव जोडलेलं आहे. १९३३ साली स्त्री म्हणून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत ज्यांना आधी प्रवेश नाकारला गेला, त्या कमला सोहोनी पुढे केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी असतं हे त्यांनी दाखवलं, आणि १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. त्या काळी ते केवळ श्वसनाचं प्रथिन होतं.

१९९६ मध्ये शाओदाँग वाँग आणि सहकाऱ्यांनी हेला पेशींचं पेशीद्रव काढलं. त्यात डीएटीपी घातलं की पेशीच्या आत्महत्येची यंत्रणा नळीतच सुरू व्हायची. यासाठी लागणारा एक घटक त्यांनी शुद्ध करत नेला आणि तो निघाला सायटोक्रोम सी. आता ते मायटोकॉन्ड्रियातलं प्रथिन पेशीद्रवात आलं कुठून? पेशी फोडताना मायटोकॉन्ड्रिया फुटले होते म्हणून. त्यांनी साखर घालून, मायटोकॉन्ड्रिया जपून पेशीद्रव पुन्हा काढलं, आणि ते काम जवळपास थंडावलं. मग मरू घातलेल्या पेशी घेतल्या, त्यांचं पेशीद्रव काढलं, तर त्यात सायटोक्रोम सी वाढलेलं होतं. म्हणजे मरणाच्या वेळी पेशी ते प्रथिन खरोखर बाहेर सोडते.

लेक : बाबा, हे तुम्ही आजीच्या बाजूने सांगताय. गळती झाली म्हणून शोध लागला.

आत्या : गळती झाली हे कळलं म्हणून लागला. साखरेची नळी शेजारी नसती तर काहीच कळलं नसतं. बरं, आता तुझं सांग. तू बघतेस म्हणजे नक्की काय बघतेस?

लेक : मी प्रथिनाच्या जनुकाला हिरवं चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडते. पेशी स्वतःच जोडप्रथिन तयार करते. पेशी जिवंत, गरम, तिच्या अन्नद्रावणात. निळा प्रकाश टाकला की ते कुठे आहे ते दिसतं, आणि दर काही मिनिटांनी दिसतं. तुझ्या नळीत कोट्यवधी पेशींची सरासरी असते. अर्ध्या पेशींत प्रथिन आत आणि अर्ध्यांत बाहेर असेल, तर तुझा ब्लॉट, म्हणजे प्रथिनांच्या पट्ट्यांची ती प्रतिमा, म्हणणार, सगळीकडे अर्धं अर्धं. एकाही पेशीत तसं नसेल.

आत्या : आणि तो हिरवा दिवा २३८ अमिनो आम्लांचा. एनएफ-कॅपा-बीचा पी-६५ हा भाग साडेपाचशे अमिनो आम्लांचा. त्याच्या जवळपास निम्म्या लांबीचं ओझं तू त्याच्या पाठीवर दिलंस, आणि मग तो कसा चालतो ते बघतेस.

एनएफ-कॅपा-बीबद्दल या दोन्ही पद्धतींची गाठ खरोखरच पडली आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी हे प्रथिन केंद्रकाच्या अर्कात ओळखलं. ज्या पेशींना काहीच उत्तेजन दिलेलं नाही त्यांच्या केंद्रकात ते दिसत नव्हतं. १९८८ मध्ये बॉयर्ले आणि बाल्टिमोर यांनी अशा पेशींचं पेशीद्रव घेऊन त्यात डीऑक्सिकोलेट हा पित्तातला क्षार घातला आणि तिथे ते प्रकट झालं. ते पेशीद्रवातच होतं, पण दुसऱ्या एका प्रथिनाने धरून ठेवलेलं. इशारा मिळाला की धरणारं प्रथिन नष्ट होतं आणि एनएफ-कॅपा-बी केंद्रकात जातं. हे सगळं आत्याच्या पद्धतीने कळलं. सूक्ष्मदर्शकाखाली ‘बाहेर आहे’ एवढंच दिसलं असतं. ‘धरून ठेवलेलं आहे’ हे नळीत क्षार घातल्याशिवाय कळणं कठीण होतं.

लेक : पण पुढचं सांगा. ते एकदाच जात नाही. आत जातं, बाहेर येतं, पुन्हा जातं. २००४ मध्ये मायकेल व्हाइट यांच्या गटाने एकेका जिवंत पेशीत हे दाखवलं, साधारण शंभर मिनिटांचा फेरा. प्रत्येक पेशीचा फेरा वेगळ्या वेळी, म्हणून सगळ्या एकत्र फोडल्या की तो पुसला जातो.

आत्या : २००२ मध्ये हॉफमन आणि बाल्टिमोर यांनी केंद्रकाचे अर्क काढूनच ते झोके दाखवले होते. धरून ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी दोन काढून टाकली, तर पेशींच्या समूहातही झोके स्पष्ट दिसले. आणि २००४ च्या तुमच्या कामावर लगेच आक्षेप आला, की बाहेरून जास्तीचं पी-६५ घातल्यामुळेच एवढे झोके दिसतात.

लेक : नंतर पेशीच्या स्वतःच्याच जनुकाला दिवा जोडून, जास्तीचं काहीही न घालता तपासलं. झोके राहिले.

आत्या : राहिले. मान्य. पण ते तपासावं लागलं ना? तुमच्यातही पूर येतो, फक्त तो पाण्याचा नसतो.

मी : मग हळदीचं काय? कर्क्युमिन त्याला अडवतं की नाही?

दोघी एकदम बोलायला लागल्या. आधी लेकीचं सांगतो, कारण तिची अडचण मला नवीन होती. कर्क्युमिन स्वतःच चमकतं. निळा प्रकाश पडला की ते हिरवट उजेड टाकतं, जवळपास तिच्या जोडलेल्या दिव्यासारखाच. कर्क्युमिन दिलेल्या पेशीत दिसणारा हिरवा रंग प्रथिनाचा किती आणि हळदीचा किती, हे वेगळं करायला तिला लाल दिवा वापरावा लागतो, आणि नुसतं कर्क्युमिन दिलेल्या, दिवा नसलेल्या पेशी शेजारी ठेवाव्या लागतात. हे न करता काढलेले फोटो तिच्या मते बघूच नयेत.

आत्या : आता माझ्या बाजूची घाण मी सांगते. बाजारात तयार संच मिळतात. पहिल्या बाटलीतलं सौम्य डिटर्जंट बाहेरचं पटल विरघळवतं, दुसरी बाटली केंद्रक. एका दुपारी काम संपतं. डिजिटोनिन वापरलं तर ते कोलेस्टेरॉलला धरतं, आणि बाहेरच्या पटलात कोलेस्टेरॉल भरपूर, म्हणून आधी तेच फाटतं. कल्पना उत्तम आहे. पण ‘केंद्रकाचा भाग’ म्हणून जे पेलेट येतं त्यात केंद्रकच असतं असं नाही. पहिल्या बाटलीत जे विरघळलं नाही ते सगळं त्यात. न फुटलेल्या पेशी त्यात. केंद्रकाच्या बाहेरच्या भिंतीला सलग चिकटलेली आंतर्द्रव्यजालिका त्यात. पेशीचा सांगाडा त्यात.

मी : पण ते तर दोन्हीकडे सारखंच असेल, कर्क्युमिन दिलेल्या पेशींत आणि न दिलेल्यांतही.

आत्या : नाही रे, तिथेच गोम आहे. कर्क्युमिन पटलात शिरतं आणि पटलाचे गुणधर्म बदलतं, हे २०१४ मध्ये मोजून दाखवलंय. म्हणजे कर्क्युमिन दिलेल्या पेशी वेगळ्या सहजतेने फुटू शकतात. समज, न दिलेल्यांपैकी दहा टक्के अखंड राहून केंद्रकाच्या पेलेटमध्ये आल्या, आणि दिलेल्यांपैकी दोनच टक्के. तर न दिलेल्यांच्या ‘केंद्रकात’ पी-६५ जास्त दिसणारच, कारण ते अख्ख्या पेशीतलं आहे. आणि मग तू लिहिणार, हळदीने त्याला आत जाऊ दिलं नाही.

मला वाटतं, सगळ्या बोलण्यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. जे औषध तपासायचं तेच जर पेशी कशी फुटते हे बदलत असेल, तर नेहमीचा एक पट्टा कमी-जास्त दिसणं पुरेसं नाही. प्रत्येक भागात केंद्रकाचा साक्षीदार लॅमिन किंवा हिस्टोन, पेशीद्रवाचा साक्षीदार ट्युब्युलिन, आंतर्द्रव्यजालिकेचा कॅलनेक्सिन, हे सगळे दोन्हीकडे, कर्क्युमिन दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत, दिसायला हवेत. शिवाय भाग वेगळे करण्याआधीच्या सगळ्या लगद्याचा पट्टाही हवा. बऱ्याच छापील आकृत्यांत केंद्रकाच्या भागात फक्त लॅमिन आणि पेशीद्रवाच्या भागात फक्त ट्युब्युलिन दाखवलेलं असतं. ट्युब्युलिन केंद्रकाच्या भागात किती सांडलं ते दाखवलेलंच नसतं. याच विषयावरचे अनेक शोधनिबंध पुढे मागे घेतले गेले, कारण त्यांतल्या पट्ट्यांच्या प्रतिमा विश्वासार्ह ठरल्या नाहीत.

आणि मात्रेचं वेगळंच. १९९५ च्या मूळ प्रयोगात पेशींना दिलेलं कर्क्युमिन दहा-वीस नव्हे, पन्नास मायक्रोमोलरच्या घरातलं होतं. माणसाने कित्येक ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन तोंडाने घेतलं तरी रक्तात त्याच्या जवळपासही पोचत नाही. रक्तद्रव नसलेल्या बफरमध्ये शरीराच्या तापमानाला तर ते अर्ध्या तासात बहुतांश विघटित होतं. नळीत जे अडवलं गेलं ते कर्क्युमिनने की त्याच्या तुकड्यांनी, हा प्रश्न दोन्ही पद्धतींच्या बाहेरचा आहे, पण विचारायलाच हवा.

लेक : म्हणून म्हणते, अशी गुंतागुंत असताना फोडायचंच कशाला? पेशीतल्या पेशीतच खूण करायची पद्धत आता आहे. प्रथिनाला एक विकर जोडायचं, ते आजूबाजूच्या प्रथिनांवर बायोटिन चिकटवतं. कोण शेजारी होतं ते पेशी जिवंत असतानाच लिहिलं जातं, नंतर फोडलं तरी पुसत नाही. २०१२-१३ पासून हे चाललंय.

आत्या : चांगलं आहे. पण शेजारी कोण हे कळलं, किती हे कळलं का? आणि काम चालू आहे की बंद? मी मायटोकॉन्ड्रिया काढून त्यात ऑक्सिजन किती वापरला जातो ते मोजू शकते. तुझ्या फोटोतला मायटोकॉन्ड्रिया श्वास घेताना दाखव मला.

लेक : तेही रंग आहेत आमच्याकडे, पटलातल्या विद्युतभारावर चमकणारे.

आत्या : भार म्हणजे श्वास नव्हे.

इथे दोघी अडल्या आणि मला ते आवडलं, कारण भांडण खऱ्या फरकावर आलं होतं. लेकीला हवी आहे जागा आणि वेळ. आत्याला हवी आहे रक्कम आणि काम. एका पेशीत एका क्षणी प्रथिन कुठे आहे, हे सूक्ष्मदर्शक चांगलं सांगतो. किती आहे, कुणी धरलं आहे, काय करू शकतं, हे वेगळं काढल्याशिवाय नीट कळत नाही. स्वीडनच्या मानवी प्रथिन नकाशाने २०१७ मध्ये बारा हजारांवर प्रथिनांच्या जागा सूक्ष्मदर्शकाने दाखवल्या, आणि त्यांतली सुमारे निम्मी एकाहून जास्त जागी सापडली. मग ‘हे प्रथिन कुठे राहतं’ असं विचारण्यापेक्षा ‘कुठे किती’ असं विचारावं लागतं, आणि ‘किती’ आलं की आत्याची नळी येते.

शेवटी आत्याने मला मायटोकॉन्ड्रियावरच्या त्या सैलसर थराची पुन्हा आठवण करून दिली.

आत्या : आम्ही तो काढून टाकायचो. आंतर्द्रव्यजालिकेची भेसळ म्हणून. कितीही धुतलं तरी थोडी राहायचीच, मायटोकॉन्ड्रिया शुद्ध झाले नाहीत म्हणून बोलणी खायची. कॅनडात जीन व्हान्सने १९९० मध्ये ती भेसळ टाकली नाही. वेगळी काढली, तिच्यात कोणती विकरं आहेत ते मोजलं. मेदरेणू बनवणारी विकरं तिथे गोळा झालेली होती. भेसळ नव्हतीच ती. आंतर्द्रव्यजालिका मायटोकॉन्ड्रियाला जिथे खेटून असते तो पट्टा होता, मेद एकीकडून दुसरीकडे जाण्याची जागा. दोघांतलं अंतर दहा ते तीस नॅनोमीटर. तुझ्या साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला दोनशेच्या खालचं वेगळं दिसत नाही.

लेक : आता दिसतं. नवे सूक्ष्मदर्शक त्याच्या बरेच खाली जातात.

आत्या : दिसत असेल. पण तिथे बघायचं हे कुणाला सुचलं ते बघ.

लेक : ठीक आहे. मग असं करू. हळदीचा प्रयोग मी लावते. एकाच थाळीतल्या पेशी, पेशीच्या स्वतःच्या जनुकाला जोडलेला लाल दिवा. कर्क्युमिन कमी मात्रेत, रक्तात पोचू शकेल तेवढंच, आणि रक्तद्रव असलेल्या द्रावणात. तीन तास बघीन. त्यातल्या अर्ध्या पेशी तू सांगशील तशा फोडीन.

आत्या : साखर घालून.

लेक : साखर घालून. आणि वेगळं करण्याआधीचा लगदा, धुतलेलं पाणी, न फुटलेल्या पेशींची मोजणी, सगळं ठेवीन. पण फोटो आणि नळी यांचं उत्तर वेगळं आलं तर मी फोटोवर विश्वास ठेवीन.

आत्या : मी नाही. वेगळं आलं तर मी दोन्ही बाजूला ठेवीन आणि आधी हे शोधीन की फोडताना काय गळलं आणि दिवा लावताना काय बदललं. त्याला किती दिवस लागतील ते लागोत. तोपर्यंत हळद केंद्रकाबाहेर काही अडवते असं कुणी म्हणालं, तर त्याला विचार, कुठल्या पेशी, किती मात्रा, आणि लगद्याचा पट्टा कुठाय.